चार आणि सात वर्षांच्या मुलांना मे महिन्यात ताडोबाला न्यावे का?

आपण विचारले आहे की पुण्यात राहणाऱ्या आपल्या कुटुंबाने, म्हणजे आपण दोघे, सात वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई यांनी, मे महिन्यात पाच दिवस ताडोबाला जावे का, कारण उन्हाळ्यात तेथे वाघ हमखास दिसतो असे सगळे सांगतात. आणि एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच्या उरलेल्या सुट्टीत मुलांना प्राणी-पक्ष्यांची गोडी लागेल असे काय करता येईल. उन्हाळी निसर्गशिबिरे आणि कौटुंबिक जंगलसहली घेण्याचे काम मी बऱ्याच वर्षांपासून करतो, त्या आधारावर माझे उत्तर असे की या वर्षी मे महिन्यात ताडोबा नको. ते पाच दिवस एप्रिलमध्ये कोकणच्या किनाऱ्यावर घालवावेत, मे महिना पुण्याच्या आसपास पहाटेच्या छोट्या फेऱ्यांसाठी ठेवावा आणि ताडोबा दोन-तीन वर्षांनी थंडीत करावे.

आपल्याला सांगणारे लोक चुकीचे सांगत नाहीत. ताडोबाचे जंगल पानझडीचे आहे. एप्रिल-मेमध्ये साग उघडाबोडका होतो, त्यामुळे नजर दूरवर पोहोचते. त्याच वेळी नाले आटतात, पाणी मोजक्या पाणवठ्यांवर उरते आणि वाघ हा पाण्यात बसायला आवडणारा प्राणी असल्याने तासन्‌तास तेथे पडून राहतो. छायाचित्रकारांसाठी याहून चांगला काळ नाही. मात्र ज्या उन्हामुळे वाघ पाण्यात येऊन बसतो, तेच ऊन उघड्या जिप्सीत बसलेल्या चार वर्षांच्या मुलालाही सोसावे लागते. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे ही नेहमीची बाब आहे आणि दुपारची फेरी ऐन तापलेल्या वेळी सुरू होते. लहान मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते, त्यांना तहान लागल्याचे वेळेवर सांगता येत नाही, आणि गाडीतून खाली उतरण्यास मनाई असल्यामुळे लघवीपासून ओकारीपर्यंत प्रत्येक गोष्ट ठरलेल्या थांब्यापर्यंत रोखून धरावी लागते. एका फेरीला साधारण चार तास लागतात. चार वर्षांच्या मुलाची उमेद त्यातल्या पहिल्या पाऊण तासात संपते, असा माझा अनुभव आहे.

दुसरी अडचण उन्हाची नाही, वाघाच्या दिसण्याची आहे. घनदाट जंगलात प्राणी दिसतो तो बहुधा काही क्षण, झाडोऱ्याआड, आणि तोही कुणीतरी बोट दाखवल्यावर. मोठ्या माणसाला ‘ते बघ, त्या बांबूच्या डावीकडे’ एवढे पुरते. लहान मुलाला डावे-उजवे कळून नजर तेथे स्थिरावेपर्यंत प्राणी निघून गेलेला असतो, आणि सगळ्यांना दिसले, मला नाही, एवढेच त्याच्या लक्षात राहते. त्यात वाघाची खबर आली की जिप्सी धुरळा उडवत सुसाट निघतात, एका वळणावर दहा-बारा गाड्या खेटून उभ्या राहतात, मोठी माणसे आसनांवर उभी राहतात आणि मुलांच्या डोळ्यांसमोर फक्त त्यांच्या पाठी उरतात. म्हणून मी एक साधी कसोटी लावतो : लहान मुलांसाठी असा प्राणी निवडावा जो जवळून दिसतो, सावकाश हालतो किंवा पुन्हा पुन्हा दिसतो. उन्हाळ्यात महाराष्ट्रात असे प्राणी भरपूर आहेत.

एप्रिलमध्ये या कसोटीला सर्वात चांगले उतरते ते वेळास. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले हे लहानसे गाव, बाणकोटच्या किल्ल्याजवळचे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये तेथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे संरक्षण सुरू केले. त्याआधी अंडी माणसे चोरून नेत आणि उरलेली कोल्ही-कुत्री उकरून खात. आता गावातलीच माणसे रात्री किनाऱ्यावर फेऱ्या मारतात, सापडलेली घरटी कुंपणाच्या आत सुरक्षित जागी हलवतात आणि साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर आली की त्यांना समुद्रात सोडतात. एका घरट्यात शंभराच्या आगेमागे अंडी असतात. सकाळी सातच्या सुमारास आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास घरट्यांवरच्या टोपल्या उचलून पाहिल्या जातात. खाली पिल्ले असतील तर ती पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत ठेवली जातात आणि लोक दोरीमागे उभे राहून ती चालताना बघतात.

हे दृश्य मुलांच्या उंचीचे आहे. मूल वाळूत उकिडवे बसले की पिल्लू त्याच्या डोळ्यांच्या जवळपास रेषेत येते. तळहाताहून लहान, काळपट राखाडी, अंगावर अजून ओली वाळू. पुढचे वल्ह्यासारखे पाय एकाआड एक टाकत ते निघते आणि मागे दोन्ही बाजूंना स्वल्पविरामांची ओळ उमटत जाते. मध्येच थांबते, मान वर करते, पुन्हा चालू लागते. पहिली लाट बहुतेक वेळा त्याला उलटे करून परत वाळूवर टाकते, आणि तेथे मुलांचा जीव खरोखर टांगणीला लागतो. पिल्लू सरळ होते, पुन्हा निघते आणि तिसऱ्या-चौथ्या लाटेला नाहीसे होते. सगळा प्रकार दहा-पंधरा मिनिटांत संपतो. चार वर्षांच्या मुलाचे लक्ष तेवढा वेळ टिकते, आणि सात वर्षांच्या मुलीला त्यानंतर प्रश्नच प्रश्न पडतात. पिल्लांची आई कुठे आहे, हा त्यातला पहिला असतो. खरे उत्तर द्यावे : आई अंडी घालून त्याच रात्री समुद्रात परत गेली, ती पिल्लांना कधीच भेटत नाही. मुले हे उत्तर आपल्यापेक्षा सहज स्वीकारतात. वाळू अधिक तापली की माद्या जास्त जन्मतात आणि थोडी थंड राहिली की नर, हेही मुलीला सांगण्यासारखे आहे.

काही सूचना येथे आवश्यक आहेत. हंगाम दरवर्षी पुढेमागे होतो आणि एप्रिलच्या उत्तरार्धात घरटी थोडीच उरलेली असतात, म्हणून निघण्यापूर्वी ज्या घरी उतरणार त्यांना फोन करून किती घरटी शिल्लक आहेत ते विचारावे. त्यांना ते रोज माहीत असते. एखाद्या वेळी टोपलीखाली काहीच नसते, म्हणून किमान दोन रात्री मुक्काम ठेवावा, म्हणजे संध्याकाळ-सकाळ मिळून तीन-चार संधी मिळतात. पिल्लांना हात लावू देत नाहीत, आणि तसा हट्टही धरू नये. वेळासमध्ये राहणे-जेवणे गावकऱ्यांच्या घरीच होते. सासूबाईंना साधे घरगुती शाकाहारी जेवण आणि ओटीवरचा झोपाळा शहरी हॉटेलपेक्षा नक्की मानवेल. उकाडा मात्र असतो. पारा विदर्भाइतका चढत नसला तरी घामाच्या धारा लागतात.

उरलेले तीन दिवस दापोली तालुक्यात आंजर्ले-हर्णै परिसरात घालवावेत. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव चालतो, तेथे मुशी (लहान शार्क), पाकट, खेकडे, माकूळ मुलांना हातभर अंतरावरून बघता येतात. वन्यजीवांच्या सहलीत मासळीबाजार कशाला, असे काही पालक नाक मुरडून विचारतात, पण शार्कचे दात इतक्या जवळून दुसरीकडे कुठे बघायला मिळणार? किनाऱ्याच्या उंच झाडांवर समुद्री गरुडाचे काटक्यांचे अवाढव्य घरटे दिसले तर मुलीला दुर्बिणीतून दाखवावे. आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कातळांवरची डबकी चुकवू नयेत. त्यांत शंखातले खेकडे, समुद्रफुले, बोटभर मासे असतात, आणि मुले तेथून हलायला तयार होत नाहीत.

या डबक्यांसाठी वेळ साधावी लागते. कोळी मंडळी ढोबळमानाने तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात : अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी भर दुपारी बाराला, जी आपल्या उपयोगाची नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास हिशेब अकरा-बाराच्या घरात जातो, म्हणजे पाणी सकाळी लवकर आणि संध्याकाळी ओसरलेले असते. शिवाय ते दिवस उधाणाचे असल्यामुळे ओहोटीही दूरवर जाते आणि एरवी पाण्याखाली असणारा कातळ उघडा पडतो. कॅलेंडर पाहून त्याप्रमाणे तारखा ठरवाव्यात. पाणी पुन्हा चढू लागले की मात्र लगेच मागे फिरावे, आणि शेवाळलेल्या कातळावर मुलांच्या पायांत पट्ट्याच्या सँडल असाव्यात, चपला नकोत.

मे महिन्यासाठी माझी पहिली पसंती गवताळ माळरानाला आहे. बारामती तालुक्यातले सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य अवघे ५.१४ चौरस किलोमीटर आणि अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातले रेहेकुरी त्याहून लहान, २.१७ चौरस किलोमीटर. नावाजलेल्या जंगलांपुढे हे आकडे हास्यास्पद वाटतील, परंतु मुलांसाठी तेच सोयीचे आहेत. माळावर आडोसा नसतो. सुप्याला चिंकारा आणि रेहेकुरीला काळवीट दिसला की तो क्षणभर दिसून गायब होत नाही. तो चरतो, मान वर करून आपल्याकडे बघतो, पुन्हा चरतो, आणि अर्धा तास नजरेसमोर राहतो. दुर्बीण एकाकडून दुसऱ्याकडे देता येते, आजींनाही निवांत बघता येते. पुणे वनविभागाने इंदापूर-बारामती पट्ट्यात गवताळ प्रदेशाची सफारीही सुरू केली आहे. तेथे लांडगा आणि खोकड दिसण्याची शक्यता असते. आदल्या रात्री मुलांना लवकर झोपवून पहाटे निघावे, सूर्योदयाला माळावर असावे आणि नऊ वाजता परतीला लागावे. नऊनंतर प्राणीही सावलीला जातात, तेव्हा थांबून काही हाती लागत नाही.

दुसरी फेरी भीमाशंकरची. शेकरू हा आपला राज्यप्राणी दिवसा वावरणारा आहे, रंगाने उठून दिसतो आणि झाडावरची त्याची पानाकाटक्यांची गोल घरटी मुलांना स्वतः शोधता येतात. गुप्त भीमाशंकरकडे जाणाऱ्या पायवाटेवर सकाळी हळूहळू चालावे, वर फांद्यांत खडखडाटासारखा आवाज आला की थांबावे. सोमवार आणि सुट्टीचे दिवस देवळाच्या गर्दीचे असतात, ते टाळावेत. तेथील माकडांना मुलांच्या हातून काहीही खायला देऊ नये आणि हातात खाऊची पिशवी उघडी धरून चालू नये. माकड पिशवी ओढते, मूल घाबरून ती घट्ट धरते आणि चावा बसतो. चावलेच तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी लागते. भीतीपोटी सांगत नाही, असे घडते.

घरच्या घरी काय करावे, या प्रश्नाकडे पालक दुर्लक्ष करतात, पण सुट्टीचे बहुतेक दिवस घरीच जाणार आहेत. गच्चीत किंवा खिडकीत मातीचे पसरट भांडे ठेवावे, मध्ये एक दगड, पाणी दोन बोटांपेक्षा खोल नको. रोज सकाळी भांडे घासून पाणी बदलण्याचे काम मुलाकडे द्यावे. डासांची पैदास टाळण्यासाठी ते आवश्यकच आहे, आणि चार वर्षांच्या मुलाला स्वतःचे काम असण्याचा फार अभिमान वाटतो. कोण कधी पाण्यावर आले याची नोंद मुलीने वहीत करावी. याच दिवसांत कावळ्यांची घरटी असतात आणि कोकिळा त्यांत अंडी घालण्याच्या खटपटीत असते. झाडावर नर कोकीळ ओरडतो, कावळे त्याच्या मागे लागतात आणि मादी तेवढ्यात काम उरकते, हे नाटक पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत बघायला मिळते. तेच अंडे फुटून जूनच्या अखेरीस कावळा कोकिळेच्या पिल्लाला भरवताना दिसतो. जुन्या देवळाच्या किंवा भिंतीच्या कडेला, जेथे माती पिठासारखी मऊ आणि कोरडी असते, तेथे उलट्या शंकूसारखे लहान खळगे शोधावेत. त्यांच्या तळाशी एक अळी दबा धरून बसलेली असते; मुंगी काठावरून घसरली की ती खालून मातीचा मारा करते आणि मुंगीला खाली ओढते. गवताच्या काडीने काठावरचे दोन कण ढकलले तरी माती उडते. मुले यावर तास घालवतात.

मेच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत सह्याद्रीत काजवे असतात. भंडारदरा परिसर, पुरुषवाडी, राजमाची ही नेहमीची ठिकाणे. हिरडा, बेहडा, उंबर, जांभूळ अशी झाडे एका लयीत उजळतात आणि विझतात. चार वर्षांच्या मुलाबाबत मी येथे थोडा साशंक आहे, कारण काजवे त्याच्या झोपेच्या वेळी दिसतात आणि शनिवार-रविवारी भंडारदऱ्याचा रस्ता गाड्यांनी तुंबतो. जायचेच असेल तर सोमवार ते गुरुवारमधला दिवस, अमावास्येच्या जवळची रात्र आणि काजव्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर मुक्काम, असे जमवावे. माद्या बहुधा खाली गवतात असतात, त्यामुळे वाट सोडून झाडाखाली जाणे म्हणजे त्यांना तुडवणे होय. विजेरीवर लाल जिलेटिनचा कागद लावावा, फ्लॅश बंद ठेवावा आणि बाटलीत काजवे पकडण्याची कल्पना मुलांच्या डोक्यात आपणहून घालू नये. पहिल्या सरींनंतर विंचू-साप बाहेर पडतात, तेव्हा सर्वांच्या पायांत पूर्ण बूट हवेत आणि सकाळी ते झटकून घालावेत.

सामानाबद्दल थोडेच लिहितो. मुलीसाठी सहापट किंवा आठपट वाढ देणारी हलकी दुर्बीण पुरते; त्याहून मोठी घेतली तर हात थरथरतात आणि चित्र स्थिर राहत नाही. मुलाला दुर्बीण देऊ नये, भिंग द्यावे. सुती पंचे, मागच्या बाजूने मान झाकणारी टोपी, ताक किंवा पन्हे, आणि ओआरएसची पाकिटे सोबत असावीत. एक लिटरचे पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळावे, थोडी पूड थोड्या पाण्यात टाकण्याचा अंदाजपंचे प्रकार करू नये. मुलाला सहा तास लघवी झाली नसेल, ते मलूल झाले असेल किंवा कातडी गरम लागत असूनही ते नीट प्रतिसाद देत नसेल, तर सहल तेथेच थांबवून डॉक्टर गाठावा.

ताडोबाला जाल तेव्हा मुलगी नऊ-दहा वर्षांची आणि मुलगा सहा-सात वर्षांचा झालेला असावा, आणि महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला असावा. वाघ दिसण्याची शक्यता त्या काळात उन्हाळ्यापेक्षा कमी असते, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. पहाटेच्या फेरीत उघड्या गाडीत कडाक्याची थंडी वाजते, तेव्हा कानटोपी आणि घोंगडी न्यावी. सासूबाई आणि मुले यांना मधल्या रांगेत बसवावे, कारण मागची रांग उंच असली तरी सर्वात जास्त दणके तिलाच बसतात. गाभा क्षेत्रात, म्हणजे जंगलाच्या आतल्या संरक्षित भागात, मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे कंटाळलेल्या मुलाच्या हाती फोन देण्याची सोय राहणार नाही. त्याऐवजी ठसे आणि विष्ठा ओळखण्याचे काम द्यावे. वाघाच्या ठशात नखे उमटत नाहीत, कुत्र्याच्या आणि तरसाच्या ठशात उमटतात. अस्वलाच्या विष्ठेत फळांच्या बिया दिसतात. या विषयात मुलांना जेवढा रस असतो तेवढा वाघातही नसतो.

सर्वात महत्त्वाचे बोलणे गेटवर गाइड आणि चालकाशी करायचे असते. गाडी सुरू होण्यापूर्वीच स्पष्ट सांगावे की सोबत मुले आहेत, वाघाच्या मागे गाडी पळवू नका, वानर दिसले तरी थांबा, आणि चितळाचा किंवा सांबराचा कॉल, म्हणजे धोक्याचा इशारा देणारा आवाज, आला तर इंजिन बंद करून आम्हाला ऐकू द्या. पर्यटकाला वाघ दाखवलाच पाहिजे हे दडपण त्यांच्यावर कायम असते. ते उतरले की हीच माणसे जंगल फार छान उलगडून दाखवतात. आरक्षण करताना आधी सफारीचे परवाने, मग नागपूरची रेल्वे आणि शेवटी निवास असा क्रम ठेवावा, कारण हव्या त्या गेटचे परवाने सर्वात आधी संपतात. गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते, तेव्हा मुक्कामाचा मधला दिवस त्या दिवशी येणार नाही असे पाहावे, आणि परवान्यावर ज्यांची नावे आहेत त्या सर्वांची, मुलांचीही, मूळ ओळखपत्रे सोबत घ्यावीत.